गाळा सगळ्यात शेवटी: नायगावच्या एका ब्लाउज-शिलाईच्या धंद्याची पूर्वतयारी

ऑक्टोबर २०२३ मध्ये या ताईंनी आपला बेत माझ्यापुढे मांडला, तेव्हा त्यांच्या मते ठरवायचं फारसं काही उरलंच नव्हतं. हिंदमाताजवळ आतल्या गल्लीत तळमजल्यावरचा नव्वद चौरस फुटांचा गाळा बघून झाला होता. भाडं महिना २६,००० रुपये, डिपॉझिट दोन लाख, एजंटची दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी. २०२४ चा गुढीपाडवा ९ एप्रिलला होता. त्या दिवशी दुकानात पूजा घालायची, ब्लाउज शिवायचे आणि फॉल-पिको करायचं. दोन लाखांचं मुद्रा कर्ज काढायचं होतं आणि त्यासाठी प्रकल्प अहवाल हवा होता, तेवढ्यापुरतं त्यांचं माझ्याकडे काम होतं. मी नोकरीभर बँकेत कर्जाच्या फायली पाहिल्या. निवृत्तीनंतर परळ-नायगाव भागात कुणी छोटा धंदा काढत असेल, तर त्याचा हिशेब मांडून द्यायला बसतो.

हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण धंद्याची तयारी म्हणजे कागदपत्रं आणि जागा, हा समज मला सतत भेटतो. कागदपत्रं दोन-तीन आठवड्यांत होतात. ताईंच्या तयारीला नऊ-दहा महिने लागले आणि त्यातला बहुतेक वेळ एकाच प्रश्नावर गेला: ही जागा रोज किती ब्लाउज मागते, आणि तेवढे ब्लाउज देणारी अनोळखी गिऱ्हाइकं आपल्याकडे आहेत का? ताईंच्या परवानगीने लिहितो आहे. नाव-पत्ता दिलेला नाही आणि आकडे थोडे गोल केले आहेत.

ताईंकडे काय होतं

वय बेचाळीसच्या आसपास. दादरच्या एका बुटिकमध्ये अकरा वर्षं नोकरी. सुरुवातीला हूक-काजं, मग मशीन, आणि शेवटची पाच वर्षं कटिंग. पगार १८,०००. ही शेवटची पाच वर्षं त्यांची खरी पुंजी. शिवणारा कारागीर शोधला की मिळतो, पण मुंढा (बाही जोडायची खाच) आणि गळा न चुकता कापणारं माणूस सहज मिळत नाही.

राहायला बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांची खोली, माणसं चार. खिडकीशी शिलाई मशीन. नोकरीवरून आल्यावर चाळीतल्या आणि मुलीच्या शाळेतल्या ओळखीच्या बायकांचे महिन्याला वीस-बावीस ब्लाउज त्या शिवत होत्या. बँकेत १ लाख ६० हजारांची मुदत ठेव, आणि मार्चमध्ये त्यांच्या नावाची भिशी लागणार होती, ६० हजारांची. यजमानांची खाजगी नोकरी, त्यांच्या पगारात घर चालतं. मुलगी नववीत. म्हणजे ताईंचा पगार बंद झाला तर चूल थांबणार नव्हती, पण शिकवणीची फी आणि बचत दोन्ही अडणार होतं.

वहीतला पहिला हिशेब

ताईंनी स्वतः एक हिशेब केला होता. रोज आठ ब्लाउज, महिन्याचे सव्वीस दिवस, अस्तराच्या ब्लाउजची शिलाई ६५० रुपये. एकूण १,३५,२०० रुपये. त्यातून भाडं, कारागीर आणि कर्जाचा हप्ता वजा केला की साठ हजारांच्या वर शिल्लक. असा हिशेब मी शेकडो फायलींत पाहिला आहे. गुणाकारात चूक नसते. आठ हा आकडा कुठून आला, ते मात्र कोणी लिहिलेलं नसतं.

आम्ही तो उलट बाजूने मांडला. एका ब्लाउजमागे किती सुटतं? ६५० मधून अस्तराचे ९०, हूक-दोरा-पायपिंगचे ३०, कारागिराला नगामागे २००. उरले ३३०. आता महिन्याचा बांधलेला खर्च: भाडं २६,०००, व्यावसायिक दराचं वीजबिल अडीच हजार, हातकाम करणाऱ्या बाईंचा पगार ९,०००, मशीनची देखभाल, फोन, सुया-खडू मिळून अडीच हजार, हप्ता ४,४००. आणि ताईंचा स्वतःचा पगार, १८,०००.

हा शेवटचा आकडा लिहिताना त्या थांबल्या. “काका, धंदा माझाच. मी मलाच पगार कसा देणार?” मी तो लिहायलाच लावला. नोकरी सोडून जे गमावणार, ते धंद्याने आधी भरून द्यायला हवं. नफा त्याच्यानंतर सुरू होतो. मुंबईत घरच्या बाईचं काम फुकट धरून चाललेले किती तरी धंदे मी पाहिले आहेत. ते वर्षानुवर्षं चालतात आणि बाई मात्र आहे तिथेच राहते. याबद्दल माझं मत पक्कं आहे.

बेरीज झाली ६२,४००. भागिले ३३०, म्हणजे महिन्याला १९० ब्लाउज, दिवसाला सात ते आठ. ताईंचा आठ हा आकडा चुकीचा नव्हता, पण त्यांच्या हिशेबात आठ ब्लाउजांवर साठ हजार उरत होते. खरं तर आठ ब्लाउजांवर धंदा जेमतेम पाण्याच्या वर राहत होता. आणि तेव्हा हातात होते महिन्याला वीस-बावीस, तेही शेजारपाजारचे आणि साडेतीनशे रुपये दराने.

एका ब्लाउजला किती वेळ लागतो

यानंतर मी त्यांना पंधरवडाभर प्रत्येक ब्लाउजचा वेळ टिपायला सांगितलं. माप घ्यायला दहा मिनिटं, कापायला पंचवीस, शिलाईला ऐंशी, हूक-काजं आणि गळ्याची तुरपाई पंचवीस, इस्त्री आणि देणं-घेणं दहा. हे अपेक्षितच होतं. नवीन कळलं ते वहीच्या शेवटच्या रकान्यात. चारातला एक ब्लाउज फिटिंगला परत येत होता, आणि उसवून पुन्हा टिपा मारायला अर्धा तास जात होता. त्या अर्ध्या तासाचे पैसे कुणीच देत नाही.

कारण शोधलं तेव्हा मापाची वही उघडली. एका पानावर होतं: उंची १४, छाती ३६, कंबर ३१, शोल्डर १४, बाही ५॥, घेर ११, पुढचा गळा ६॥, मागचा गळा ९. दुसऱ्या पानावर फक्त “जुन्या ब्लाउजप्रमाणे”. परत येणारे ब्लाउज बहुतेक या दुसऱ्या प्रकारचे होते. गिऱ्हाईक मापाला जो ब्लाउज देतं, तो तीन वर्षांपूर्वीचा असतो, धुवून आटलेला असतो, आणि बाईंचं अंगही तेच राहिलेलं नसतं. ओळखीच्या बाईला “उभ्या राहा, माप घेते” म्हणायला ताई संकोचत होत्या. बुटिकमध्ये हा प्रश्न नव्हता, कारण तिथे माप दुसरीच बाई घ्यायची. मग नियम ठरला: जुना ब्लाउज घ्यायचा, पण अंगावरचं माप घेतल्याशिवाय कात्री लावायची नाही, आणि बगलेत अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंच माया, म्हणजे शिवणीत राखलेलं जादा कापड, सोडायची. परत येणारे ब्लाउज झपाट्याने कमी झाले. दुकान उघडल्यावर, सात बायका दारात उभ्या असताना हे लक्षात आलं असतं, तर पहिल्या महिन्यातच नाव खराब झालं असतं.

पंचांग

कुठल्याही धंद्याला हंगाम असतो, पण ब्लाउजच्या धंद्याला तो पंचांगातून मिळतो. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. एप्रिल-मे पुन्हा लग्नं. आषाढ थंड. श्रावणात मंगळागौर, भाद्रपदात गौरी, पितृपक्षात शुकशुकाट, आणि नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग. मुंबईच्या लोकलमध्ये आणि ऑफिसांत बायकांनी हे रंग इतके मनापासून धरले आहेत की त्याआधीचे पंधरा दिवस शिवणकामाला उसंत नसते.

ताईंचा बेत पाडव्याचा होता, म्हणजे एप्रिल-मेच्या लग्नसराईवर उभा. २०२४ चं पंचांग हातात आलं तेव्हा आम्ही ते महिन्यागणिक वाचलं. एप्रिलच्या अखेरीपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत शुक्राचा अस्त, आणि त्यातच मे महिन्यात गुरूचाही अस्त. म्हणजे मे-जूनमध्ये लग्नाचे मुहूर्त जवळपास नाहीत. काही पंचांगांत अडचणीच्या काळासाठी मुहूर्त दिलेले असतात आणि काही घरं मुहूर्त मानतही नाहीत, पण त्या आधारावर २६,००० भाडं भरता येत नाही. पाडव्याला उघडलेलं दुकान तीन आठवड्यांत मंदीत गेलं असतं, आणि मंदी संपते तो आषाढ. पहिले चार महिने कर्जाचा हप्ता कर्जातूनच भरावा लागला असता.

गिरणगावात राहणाऱ्यांना हा धोका नवा नाही. इथल्या बायका गिरणी कामगारांच्या खानावळी चालवून घर सांभाळत होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी, सावकाराऐवजी बँकेतून कर्ज मिळावं म्हणून. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि जेवणारा गडीच गावी निघून गेला. हाताला चव होती, भांडी होती, कष्टाची तयारी होती. गिऱ्हाईक एकाच प्रकारचं होतं, तेवढंच कमी पडलं. म्हणून मी ताईंना विचारलं, तुमच्या आठ ब्लाउजांत लग्नाचे किती? त्यांच्या डोक्यात निम्म्याहून जास्त होते. ते प्रमाण आम्ही कागदावर एक तृतीयांशावर आणलं. बाकी रोज साडी नेसणाऱ्या शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या आणि सरकारी कार्यालयांतल्या बायका. नायगाव-परळमध्ये शाळा आणि मोठी रुग्णालयं आहेत. तिथल्या बाईचा ब्लाउज साधा असतो, पण मे असो की जून, तिला तो लागतोच.

गाळ्याची भिंत

गाळा त्यांनी दसऱ्याच्या सुमारास पाहिला होता, कोरडा ठणठणीत. आम्ही पुन्हा गेलो तेव्हा मागच्या भिंतीला लावलेला प्लायवूड मी थोडा बाजूला करायला सांगितला. गुडघ्याच्या जरा खाली एक तपकिरी रेघ होती, भिंतभर सारख्या उंचीवर. शेजारच्या दुकानात खालचं फडताळ रिकामं आणि माल विटांवर ठेवलेल्या फळ्यांवर. हिंदमाता परिसर बशीसारखा खोलगट आहे हे मुंबईकराला सांगायला नको. जोराचा पाऊस आणि समुद्राची मोठी भरती एकाच वेळी आली की पाणी जायला जागा राहत नाही. महापालिकेने अलीकडे पाणी साठवण्यासाठी जवळच्या मैदानाखाली आणि उद्यानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या, आणि शेजारच्या दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे आता पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरतं. पण ओसरण्याआधी ते येतं, आणि ब्लाउजवाल्याच्या दुकानात जमिनीलगत काय असतं? लोकांच्या साड्या.

माझ्या मते या धंद्यातली सगळ्यात मोठी जबाबदारी हीच आहे, आणि तिचा विचार फार कमी जण करतात. दुकानदाराचा माल भिजला तर त्याचं नुकसान होतं. शिंप्याकडे भिजते ती दुसऱ्या कुणाच्या आईची पैठणी. फॉलसाठी आलेल्या चाळीस साड्या फळीवर असतील, तर त्यांची किंमत सगळ्या मशीनच्या किमतीहून जास्त होते. दुकानाचा विमा घेताना ‘ग्राहकांचा ताब्यात असलेला माल’ पॉलिसीत वेगळा नमूद करून घ्यावा लागतो, नाहीतर भरपाई फक्त स्वतःच्या सामानाची मिळते. आणि पावतीवर साडीचा रंग, काठ, आधीपासून असलेला डाग किंवा उसवण लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यायची. ताईंनी हे पावतीपुस्तक जागा मिळायच्या आधीच छापून घेतलं आणि घरच्या गिऱ्हाइकांनाही त्यावरच पावती द्यायला लागल्या.

भिंतीनंतर कागद. गाळा देणारे गृहस्थ मालक नव्हते, पागडीचे, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन जागा धरलेले जुने भाडेकरू होते. त्यांना नोंदणीकृत करार नको होता. “नोटरी करून देतो, सगळे तसंच करतात,” हे त्यांचं उत्तर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, मुदत किती का असेना. शिवाय पागडीच्या जागेत मूळ मालकाच्या संमतीशिवाय तिसरं माणूस बसवणं म्हणजे उद्या मालक दारात उभा राहिला की ताईंच्या हातात काहीच नाही, डिपॉझिटची पावतीसुद्धा नाही. त्या दिवशी गाळ्याचा विषय संपला. ताईंना वाईट वाटलं. त्या गाळ्यात त्यांनी मनातल्या मनात आरसासुद्धा लावून ठेवला होता.

अनोळखी गिऱ्हाईक

जागा नाही म्हणजे धंदा थांबला असं त्यांना वाटलं. माझ्या मते तिथेच तो सुरू झाला. नायगावात जरा उंच भागात एक लॉन्ड्री आहे. साड्या रोल प्रेसला तिथेच येतात. लॉन्ड्रीवाल्याशी ठरलं: काउंटरवर छोटी पाटी, गिऱ्हाईक कापड तिथे देईल, ताई संध्याकाळी साडेसात ते नऊ तिथे माप घ्यायला बसतील, आणि त्याला नगामागे पंधरा रुपये. महिन्याचं भाडं नाही, डिपॉझिट नाही. काम आलं नाही तर खर्चही नाही.

दोन अटी मी घातल्या. पहिली, दर पूर्ण ६५०, चाळीचा साडेतीनशे नाही. दुसरी, ओळखीची गिऱ्हाइकं वेगळ्या पानावर लिहायची, मोजायची ती फक्त अनोळखी. ओळखीची बाई आपल्याकडे प्रेमाने येते, सवयीने येते, स्वस्त म्हणून येते. तिच्या येण्यावरून धंद्याचा अंदाज बांधता येत नाही.

डिसेंबरमध्ये अनोळखी ब्लाउज १७ आले. जानेवारीत, हळदीकुंकवाच्या दिवसांत, ३८. फेब्रुवारीत ४४. नवा दर ऐकून चाळीतल्या काही बायका तुटल्या, दोघी-तिघी रागावल्याही. वीस-बावीसचे चौदा झाले. ताईंना ते लागलं, आणि लागणारच, रोज जिन्यात समोरासमोर येणारी माणसं. पण फेब्रुवारीची बेरीज ५८ झाली आणि तीही पूर्ण दराने.

एवढे ब्लाउज नोकरी सांभाळून एकटीने शिवणं शक्य नव्हतं. म्हणून कापून द्यायचं ताईंनी आणि शिलाई धारावीतल्या एका कारागिराला नगामागे दोनशेने. हातकाम चाळीतल्याच एका आजींना, नगामागे चाळीस. कारागीर वेळ पाळतो का, त्याची टीप सरळ पडते का, सणाच्या आधी गावी जातो का, हे सगळं दुकान नसतानाच कळलं. अस्तराचं कापडही तेव्हापासून सुटं न घेता मंगलदास मार्केटमधून ताग्याने आणायला सुरुवात झाली, लटकन आणि लेस भुलेश्वरहून.

कागद आणि कर्ज

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात अवघड काही नव्हतं. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांकाने होते आणि ती पूर्णपणे मोफत आहे. एक एजंट ताईंकडे त्याचे अडीच हजार मागत होता. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली तेव्हा फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागत होती, लोक तिला अजून गुमास्ताच म्हणतात. शिलाई ही सेवा, आणि सेवेला वर्षाच्या वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. महिना १९० ब्लाउज धरले तरी वर्षाचे पंधरा लाखांच्या आत. पाटी मराठीत, देवनागरीत. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती, तेव्हा हा विषय सगळ्या बाजारात ताजा होता.

कर्जाचा क्रम मात्र विचार करून लावावा लागला. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे. काही दिवसांचं प्रशिक्षण आणि त्या काळात रोजचे ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाख. पण मुद्रासारखं सरकारी योजनेतलं कर्ज आधीच डोक्यावर असेल आणि फिटलेलं नसेल, तर विश्वकर्मात बसता येत नाही. ताईंनी ऑक्टोबरमध्येच घाईने मुद्रा घेतलं असतं, तर हा दरवाजा स्वतःच्या हाताने बंद झाला असता. त्यांनी विश्वकर्माची नोंदणी केली आणि वाट पाहायची ठरवली. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात शहरी भागातल्या महिलेला २५ टक्के अनुदान असतं, तेही पाहिलं. पण ते अनुदान बँकेत तीन वर्षं अडकून राहतं आणि मुळात मोठं कर्ज घ्यावं लागतं. दीड लाखाच्या धंद्याला ते जड होतं. मी आयुष्यभर कर्ज मंजूर करत आलो, तरी पहिल्या सहा महिन्यांत ज्या धंद्याला कर्जाशिवाय उभं राहता येतं, त्याने तसंच उभं राहावं या मताचा आहे.

शेवटी जागा

एप्रिलमध्ये त्याच लॉन्ड्रीच्या इमारतीत पहिल्या मजल्यावरची ११० चौरस फुटांची खोली मिळाली. पूर्वी तिथे वकिलांचं ऑफिस होतं, त्यामुळे वीजमीटर व्यावसायिक होता. भाडं १३,०००, डिपॉझिट ७५,०००, मालक स्वतः, आणि करार नोंदणीकृत. जिना अरुंद होता आणि वयस्क बायका वर चढणार नव्हत्या, ही खरी अडचण. म्हणून माप आणि देणं-घेणं खाली लॉन्ड्रीच्या काउंटरवरच ठेवलं आणि कापणं-शिवणं वर.

नवा हिशेब असा. ६५० मधून अस्तर, हूक-दोरा, कारागीर, हातकाम आणि लॉन्ड्रीचे पंधरा वजा जाता २७५ उरतात. बांधलेला खर्च भाडं १३,०००, वीज आणि बाकीचं मिळून ४,०००, म्हणजे १७,०००. त्यासाठी ६२ ब्लाउज पुरे. ताईंचा पगार धरला की ३५,००० आणि १२८ ब्लाउज, दिवसाला पाच. फेब्रुवारीचे ५८ जवळपास पहिल्या पायरीवर होते. दुसरी पायरी चढायला वेळ लागणार, तेवढा वेळ पैशात मोजून बाजूला ठेवला: चार महिन्यांचा पगार, ७२,०००. डिपॉझिट, दलाली, करार, जुनं पण सर्व्हो मोटर बसवलेलं पॉवर मशीन, ओव्हरलॉक, कटिंगचं टेबल, इस्त्री, दिवे आणि पहिला माल मिळून १ लाख ३९ हजार. एकूण २ लाख ११ हजार. ठेव आणि भिशी मिळून दोन लाख वीस. पिको मशीन या रकमेत बसत नव्हतं, म्हणून घेतलं नाही.

बुटिकच्या मालकीणबाईंशी बोलणं बाकी होतं. ताईंना त्याचीच भीती जास्त वाटत होती. मी एवढंच म्हटलं की तिथलं एकही गिऱ्हाईक घ्यायचं नाही आणि दुसऱ्याच्या तोंडून त्यांना कळता कामा नये. ताईंनी दोन महिने आधी स्वतः सांगितलं. बाई काही दिवस अबोल होत्या. मग त्यांनीच सुचवलं की पिको आमच्याकडे करून घे, आणि गर्दीच्या दिवसांत आमचं कटिंग तू घे. अकरा वर्षांचं काम प्रामाणिक होतं, त्याची ही पावती.

मे-जूनच्या मंदीत ताई नोकरीतच राहिल्या, पगार चालू. खोलीचा करार जुलैपासून केला. ५ ऑगस्ट २०२४, श्रावणातला पहिला दिवस आणि तोही सोमवार, त्या दिवशी मशीनला हार घातला.

पहिले तीन महिने

ऑगस्टमध्ये ७४ ब्लाउज झाले. सप्टेंबरमध्ये गौरींमुळे १२१, त्यातले जवळजवळ सगळे पितृपक्ष लागायच्या आत. ऑक्टोबरमध्ये नवरात्र आणि दिवाळी मिळून १४९. खर्च वजा जाता ताईंच्या हातात तीन महिन्यांत ४३,६०० आले. पगार धरला होता ५४,०००. म्हणजे राखीव रकमेतून १०,४०० काढावे लागले, ७२,००० पैकी. रस्त्यावरच्या गाळ्याला येता-जाता गिऱ्हाईक जास्त मिळालं असतं हे खरं. पण एवढ्याच ब्लाउजांवर तिथे पगार तर सुटला नसताच, वर भाडं आणि हप्त्यापोटी खिशातले जवळपास वीस हजार गेले असते.

लग्नाचे ब्लाउज अजून एक तृतीयांशाच्या खालीच आहेत. परिचारिकांच्या एका गटाने मात्र दर तीन महिन्यांनी सहा-सहा साधे ब्लाउज द्यायचं ठरवलं आहे, आणि ताईंना त्याचा आनंद नववधूच्या ब्लाउजपेक्षा जास्त झाला. विश्वकर्माचं प्रशिक्षण झालं की अवजारांच्या पैशातून पिको मशीन येईल. एक लाखाचं कर्ज घ्यायचं का, हे तुळशीच्या लग्नानंतरच्या कामावर आहे. लॉन्ड्रीवाला आता नगामागे पंधराऐवजी वीस मागतो आहे आणि त्याच्याकडून येणारं काम पाहता ते द्यायला हवेत असं माझं मत आहे. ताई अठरावर अडून आहेत. हळदीकुंकवाच्या गर्दीआधी खोलीत पूर्णवेळ कारागीर बसवायचा की धारावीतल्या कारागिरालाच जास्त काम द्यायचं, ते डिसेंबरअखेर वहीतले आकडे बघून ठरवणार आहोत.